सगळ्यात घाण घराला बक्षीस

तुमच्या घरात घाण आहे, असं एखादी अनोळखी बाई दारात येऊन म्हणाली तर तुम्ही काय कराल? दार लावाल. बरोबर आहे, मीही लावीन. पण ती दारात उभी असलेली बाई मीच आहे, त्यामुळे मला दाराच्या बाहेरची बाजू सांगणं भाग आहे.

आम्ही घरं साफ करून देतो. रोजचा झाडू-पोछा नाही. ते करणाऱ्या बाया वेगळ्या, आणि आम्ही दिसलो की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. आमचं काम वर्षातून एक-दोनदाचं. गॅसमागच्या टाइल्सवर साचलेलं तेल, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरचा चिकट थर, खाऱ्या पाण्यानं नळांवर धरलेला पांढरा पापुद्रा, सोफ्याच्या पोटातली धूळ, गच्चीवरची टाकी. कोमट पाणी, सोडा, लिंबूसत्व, ब्रश आणि विमानासारखं ओरडणारं एक व्हॅक्यूम मशीन, एवढी आमची सामग्री. हे काम कुणालाही शिकता येतं. अवघड आहे ते गिऱ्हाईक मिळवणं, कारण घाण सगळ्यांकडे असते पण कबूल कुणालाच नसते.

मी बी.कॉम. आहे. हे मी लगेच सांगून टाकते, कारण दारातही मी हे दुसऱ्याच वाक्यात सांगते. भातकुलीजवळ आमचा भाजीचा मळा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला मेथीची एक जुडी फुकट दिली आणि 'पोट्टी बी.कॉम. झाली' असं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की शेजारच्या कांदेवाल्याला तो भाव वाटला. तेव्हा मी ती पदवी मिरवते. ज्यांच्या घरी चार पदव्या भिंतीवर लटकलेल्या आहेत त्यांनी हसावं. आमच्याकडे एकच आहे, तीही फ्रेम करून.

वनिता माझी भागीदार. ती भातकुलीचीच, तिच्या घरी फुलांचा मळा. शाळा सातवीला सुटली, तोंड मात्र चालूच राहिलं. मी दारात बोलणार आणि तिनं पिशवी धरून गप्प उभं राहायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणते, कारण झालं कधीच नाही.

दारात उभं राहण्याचं एक शास्त्र आहे. बेल एकदाच वाजवायची. दोन वेळा वाजवली की आतल्या माणसाला वाटतं, वीजबिलाचा माणूस आला. वेळ सकाळच्या स्वयंपाकानंतरची आणि दुपारच्या डुलकीच्या आधीची. बेल वाजवून दोन पावलं मागं सरकायचं, म्हणजे जाळीतून बघणाऱ्या बाईला आपण चोर वाटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडलं की वर पाहायचं नाही. कोपऱ्यातल्या जाळ्याकडे नजर गेली की संपलं. वनिताला हेच जमायचं नाही. मी इकडे 'नमस्कार काकू, मी बी.कॉम. आहे' म्हणते तोवर तिची मान छताकडे वळायची आणि ती आदरानं म्हणायची, "बापा! केवढं जाळं आहे!"

दार बंद.

लोक आम्हाला काय काय समजले, त्याची गंमत वेगळीच. अकोल्यात जठारपेठेत एका तरुण बाईनं दार उघडलं, आम्हाला नीट पाहिलं, 'थांबा हं' म्हणून आत गेली आणि झोपेतलं लेकरू घेऊन आली. त्याचे गाल दाबून तोंड उघडलं आणि आमच्यासमोर धरलं.

"द्या दोन थेंब. लवकर द्या, उठलं तर रडंल."

मी काही बोलायच्या आत वनिता म्हणाली, "बाई, आमच्याजवळ सोड्याचं पानी आहे. ते पोलिओवर चालत नाही."

गोरक्षण रोडला एका बंगल्याची बेल दाबली तर दारच बोललं. "कोण पाहिजे?" वनितानं दाराला हात जोडले. नंतर कळलं की बेलमध्ये कॅमेरा होता आणि घरातला मुलगा पुण्यात बसून मोबाइलवर आम्हाला बघत होता. मी दाराला सगळं समजावून सांगितलं, बी.कॉम.सकट. दार म्हणालं, "आमच्याकडे सगळं क्लीन आहे." तेवढ्यात हातात झाडू घेतलेली त्याची आई बाहेर आली.

"कोनाशी बोलून राह्यल्या जी?"

"तुमच्या मुलाशी."

"तो तं पुन्याले आहे."

"हो. तिथूनच म्हणताहेत की तुमचं घर साफ आहे."

"त्याले काय मालूम? दिवाळीले येते, सोफ्यावर झोपते आन् तिसऱ्या दिवशी जाते."

बाईंचा चेहरा असा होता की अजून एक वाक्य बोलले असते तर काम पक्कं होतं. पण दार म्हणालं, "आई, आत जा." आणि आई गेल्या.

तर, गोष्ट अकोल्याच्या पहिल्या वर्षाची आहे. अमरावतीत आमची गिऱ्हाइकं होती, पण वर्षातून एकदाची. एका गावावर दोन बायांचं भागत नव्हतं. म्हणून मी अकोला धरलं. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, आणि मधे दारंच दारं. इकडे घरात वेगळंच शिजत होतं. माझे यजमान सुनील मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतात. त्यांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, अचलपूरला राहतात आणि एका शाळेच्या संस्थेवर आहेत. त्या शाळेत क्लार्कची जागा निघाली होती. त्यांनी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती.

"पंखा आहे, खुर्ची आहे, रविवारी सुट्टी आहे," सुनील म्हणाले. "अजून काय पाहिजे तुले?"

मला काय पाहिजे ते मलाही नीट सांगता येईना. दादासाहेबांचा निरोप होता, दसऱ्याला सोनं द्यायला याल तेव्हा हो का नाही ते सांगा, नाही म्हणाल तर जागा दुसऱ्याला देतो. हो म्हटलं असतं तर व्हॅक्यूम मशीन विकायचं आणि वनितानं परत झेंडूचे हार गुंफायला बसायचं. म्हणजे दसऱ्यापर्यंत अकोल्यात पाय रोवायचे, नाहीतर शाळेत बसायचं. वनिताला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

अमरावतीत आम्ही गिऱ्हाइकं कशी मिळवली होती, ते सांगते, म्हणजे अकोल्यात मी जो शहाणपणा केला तो कळेल. आमचा हुकमी उपाय होता नमुन्याची एक टाइल. 'काकू, फक्त एक टाइल पुसून दाखवते, फुकट.' साईनगरात एका निवृत्त जोडप्याकडे असंच झालं. काकू म्हणाल्या, आमच्या टाइल्स स्वच्छच आहेत. काका पेपरातून म्हणाले, फुकट आहे ना, मग करू दे. गॅसमागची पिवळी टाइल मी घासली. ती पांढरी निघाली.

काका पेपर ठेवून ओट्याशी आले.

"आपल्या टाइल्स पिवळ्या नाहीत?" काका म्हणाले.

"म्या तं मॅचिंग म्हनून पिवळे डबे घेतले वो," काकू म्हणाल्या.

आम्ही कार्ड ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. आवाज तापलेला. "हे काय करून ठेवलं तुम्ही? सगळा ओटा घाण दिसून राहिला!" ती एक टाइल बाकीच्यांसारखी दिसावी म्हणून काकांनी तिला तेल-हळद लावून पाहिली होती. ती नारिंगी झाली होती. "आता तिथं तीन रंग आहेत. या तुम्ही. पूर्ण करून टाका."

आम्ही ठरल्या दिवशी गेलो, तर काकू ओल्या पदरानं दारात उभ्या, कंबर धरून. निम्म्या टाइल्स त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच घासल्या होत्या.

"काहून जी? आम्ही येणार होतो ना?"

"तेच तं! येनारे मानसं काय म्हनतील?"

येणारी माणसं म्हणजे आम्हीच. साफ करायला येणाऱ्यांना घाण दिसू नये म्हणून आधी साफ करून ठेवायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे. तो कुठल्याही पुस्तकात नाही, पण एकही घर त्याला चुकलेलं नाही. पुढे तर काही बाया आम्ही जायच्या आधी सगळं घर करून, चहाचं आधण ठेवून बसलेल्या असायच्या. 'या, बसा, तुमचं काम झालं.' पैसे मात्र देत होत्या. ते घेताना माझा हात अडखळायचा, वनिताचा नाही. ती म्हणायची, "आपन येनार म्हनून तं झालं ना? मग आपनच केलं."

आता कुणीही म्हणेल, एवढं सगळं माहीत असताना या बाईनं अकोल्यात ती स्पर्धा का ठेवली? त्याला एकच उत्तर आहे. मी बी.कॉम. आहे. शेवटच्या वर्षी आम्हाला विपणन हा विषय होता. त्यात बक्षीस योजनेचा एक धडा होता आणि तो माझा पाठ होता.

अकोल्यात उमरीकडे एक तीन मजली अपार्टमेंट होतं. तिथले सेक्रेटरी वानखडे सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. मी त्यांना कल्पना सांगितली. 'सर्वांत अस्वच्छ स्वयंपाकघर स्पर्धा. प्रथम क्रमांकास संपूर्ण स्वयंपाकघर मोफत साफ करून मिळेल.' एक स्वयंपाकघर चकचकीत झालं की सगळं अपार्टमेंट ते बघायला येईल आणि मग घरोघरी आपलीच मागणी, असं माझं गणित. परीक्षा म्हटल्यावर सरांचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काहीच मिळालं नव्हतं. "गुण मी देईन," ते म्हणाले. "तेलाचे वेगळे, जाळ्यांचे वेगळे. टक्केवारी काढू."

परतीच्या एसटीत वनिता म्हणाली, "घाण घराचं बक्षीस कोन घेईन वो?"

"फुकट आहे. फुकट म्हटलं की लोक लाज बाजूला ठेवतात."

"तुह्या मायनं घेतलं असतं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. माझी आई फाटकाशी पाहुणा दिसला तरी उंबरा पुसायला धावते. पण मी म्हटलं, शहरातल्या बायांचं वेगळं असतं. अकोल्याला मी तेव्हा शहर समजत होते, म्हणजे अजूनही समजते, पण त्या अर्थानं नाही.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तर वॉचमन फाटकातच भेटला.

"काय केलं वो ताई तुमी? कालपासून नळाले पानी नाही. साऱ्या बायांनी टाकी रिकामी केली. एक बाई तं भिंत घासून राह्यली होती. बाहेरून!"

मी आल्या वाटेकडे पाहिलं. पण सर गळ्यात चष्मा अडकवून, हातात लाल पेन घेऊन जिन्यात उभे होते. आता मागं फिरता येईना.

तळमजल्यावरच्या पहिल्या घरात शिरलो. वनितानं ओट्यात वाकून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागली, "बाई, याच्यात माह्यं तोंड दिसून राह्यलं. केस इचरून घेऊ का?" घरच्या काकू सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमचं नेहमीच असं असते जी." त्यांच्या दोन्ही हातांची बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती. सरांनी शून्य लिहिलं. काकूंनी डोकावून पाहिलं, शून्य बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सरांना चिवडा दिला.

दुसऱ्या घरात स्वयंपाकघर होतं, पण गॅस नव्हता.

"गॅस कुठे आहे?"

"बाल्कनीत ठेवला."

"काहून?"

"सयपाकघरात घाण होते त्याच्यानं."

"मग काल जेवले काय?"

"पोहे भिजवून खाल्ले," आतून त्यांचे यजमान म्हणाले. फार दुःखी आवाज होता.

आणि प्रत्येक घरातून निघताना एकच वाक्य ऐकू यायचं, हळू आवाजात, पदर तोंडाशी धरून. "आमच्याकडं काही भेटनार नाही. त्या समोरच्या घरी जा. फावडं घेऊन जा." समोरच्या घरी गेलं की तिथल्या बाई आम्हाला पुन्हा पहिल्या घरी पाठवायच्या. पहिल्या मजल्यापर्यंत येईतो सरांच्या कागदावर शून्याखेरीज काही नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांपुढं शाळेतला पंखा फिरायला लागला होता.

दुसऱ्या मजल्यावर मात्र एक दार उघडंच होतं. दारात बनियानवर एक गृहस्थ हसत उभे. "या, या! मी गजानन. माह्यं नाव लिहा स्पर्धेत."

त्यांची बायको मंगला बाळापूरला माहेरी गेली होती. गजाननभाऊ एकटेच होते, आणि एकट्या पुरुषानं चार दिवसांत एखाद्या स्वयंपाकघराचं काय करावं, ते त्यांनी सगळं केलेलं होतं. दूध उतू गेलेलं आणि त्यावर पुन्हा दूध उतू गेलेलं. कढईत काहीतरी होतं, त्याचं नाव सांगता आलं नाही. एका टाइलवर भाजीचा थेंब खाली ओघळून वाटेतच वाळला होता. वनिता भारावून गेली. मीही गेले. सरांनी सगळं फिरून पाहिलं, पेनाच्या टोकानं कढई टोचली आणि सावकाश म्हणाले, "गजाननराव, इतकी वर्षं शिकवलं. पैकीच्या पैकी मी कोणालेच दिले नाहीत. आज देतो."

बातमी जिन्यातून वर-खाली धावली. सगळ्या बाया बाहेर आल्या. आपला नंबर आला नाही म्हणून इतक्या खूष झालेल्या स्पर्धक मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत पाहिलेल्या नाहीत. सरांनी जिन्याच्या वळणावर उभं राहून घसा साफ केला. आणि नेमक्या त्याच वेळी खालून पायऱ्या चढत मंगलाबाई आल्या.

समोरच्या घरच्या बाईनं गजाननभाऊंचं स्वयंपाकघर पाहून निकाल आधीच ओळखला होता आणि त्यांना सकाळीच फोन केला होता. 'तुह्या घराले बक्षीस भेटून राह्यलं, लवकर ये,' एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. मंगलाबाई मिळाली ती गाडी पकडून आल्या होत्या. चांगली साडी, केसात गजरा, एका हातात पांढरी पिशवी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. चेहरा असा उजळलेला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कायचं बक्षीस भेटलं वो सर?"

सरांना निकाल वाचायची सवय. त्यांनी समोर कोण आहे ते पाहिलंच नाही. "सर्वांत अस्वच्छ स्वयंपाकघर. प्रथम क्रमांक. सौ. मंगला गजानन."

वर गच्चीवर कुणीतरी कपडे झटकत होतं, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"काय म्हनलं?"

"अवं, फुकट होतं..." गजाननभाऊ दारातून म्हणाले आणि अर्धे आत सरकले.

"माह्या घराले घाण म्हनून नाव देलं? मी चार दिवस मायकडं काय गेली, तुमी माह्या घराचं नाव खराब केलं साऱ्या जिन्यात?" त्यांनी पिशवी पायरीवर आदळली. "आन् तुमी कोन हो बाई, घाण घर पाहाले येनाऱ्या?"

मी म्हटलं, "मी बी.कॉम.—"

"हे आमी पुसूनच देनार आहो वहिनी, फुकट," वनिता मधे पडली.

"माह्या घराले हात लावाचा नाही!" असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली, आणि थांबल्या. पांढऱ्या पिशवीचं बूड काळं झालेलं होतं. त्यावर एक लाल डागही होता, गुटख्याच्या पिचकारीचा. त्यांनी पिशवी उलटी धरून सगळ्यांना दाखवली.

"आन् हे काय आहे? हे पाहा! माह्या घराले नंबर देता? हा जिना नाही दिसला कोनाले? पयला नंबर या जिन्याले द्या!"

पुढे जे झालं तसं मी इतक्या वर्षांत दारादारांत फिरून कधी ऐकलं नव्हतं. सकाळपासून ज्यांच्या घरात एक जाळं सापडलं नाही त्या सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. "खरं हाय माय, जिन्यात तं पाय ठेववत नाही." "कठडा धरला तं हात चिकटते." "पार्किंगमधी कुत्र्याची पिल्लं झाली, कोनी पाह्यलं का?" "टाकीतलं कबुतराचं पीस निघालं माह्या पान्याच्या गुंडात!" पोहेवाले यजमानसुद्धा बोलले. घाण आहे, लय घाण आहे, भयंकर घाण आहे, असं सगळे मोठमोठ्यानं आणि अगदी मोकळ्या मनानं सांगत होते, कारण जिना कुणाच्याच घरचा नव्हता. तिथली घाण नेहमी वरच्या मजल्यावरच्यांनी केलेली असते. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, खालच्यांनी.

मी तोंड उघडणार तोच वनितानं माझं मनगट आवळलं. "आता चूप," ती दातांत म्हणाली. "बोलू नको. शिजून राह्यलं."

आणि मी गप्प बसले. माझ्या धंद्यातलं माझं सगळ्यात चांगलं बोलणं ते.

हळूहळू सगळ्यांच्या माना वानखडे सरांकडे वळल्या. जिना, गच्ची, पार्किंग, टाकी हे सगळं सेक्रेटरीच्या खात्यात येतं, हे सगळ्यांना एकदमच आठवलं. सरांनी लाल पेन खिशात घातलं. सकाळपासून परीक्षक होते, आता ते विद्यार्थ्यासारखे दिसायला लागले. "या बाई तज्ज्ञ आहेत," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. "पदवीधर आहेत. मी त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं."

त्याच जिन्यात उभ्या-उभ्या ठरलं. दर महिन्याला जिना, पार्किंग आणि गच्ची, आणि ठराविक दिवसांनी टाकी. मंगलाबाईंनी पेढे वाटले. गजाननभाऊंना मिळाला नाही. स्वयंपाकघर त्यांना स्वतःलाच घासावं लागलं. मंगलाबाई दारात खुर्ची टाकून बघत होत्या, हे आम्ही दुसऱ्या दिवशी जिना धुताना स्वतः ऐकलं. "तिथं राह्यलं. तिथं नाही, तिथं."

तेव्हापासून मी कुणाच्याही दारात त्यांच्या घराबद्दल बोलत नाही. नमस्कार करते, पदवी सांगते आणि विचारते, "तुमचा जिना कसा आहे हो?" मग मला बोलावं लागत नाही. आता दारंही कमी झाली म्हणा. हल्ली लोक मोबाइलवर बोट दाबून माणूस मागवतात, आणि साफ करणाऱ्याला घरातली बाई काय म्हणाली ते कळायच्या आत काम होऊन जातं. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण गाल दाबून लेकराचं तोंड उघडून दाखवणारी ती बाई मोबाइलवर भेटणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण त्या वर्षी हे सगळं पुढं काय होणार ते माहीत नव्हतं. दसरा आला तेव्हा अकोल्यात आमच्याकडे एक जिना होता. घर एकही नाही.

अचलपूरच्या एसटीत सुनील म्हणाले, "एका जिन्यावर तू नोकरीले नाही म्हनशील?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. एका जिन्याला धंदा म्हणत नाहीत, एवढं मला कॉलेजात न जाताही कळलं असतं.

दादासाहेबांच्या घरी आपट्याची पानं दिली, पाया पडलो. बैठकीत सगळे बसले. दादासाहेब मोठे आहेत आणि माझ्या वाईटावर नाहीत, हे सांगायलाच पाहिजे. त्यांनी आमच्यासाठी ती जागा कुणाकुणाला तोंड देऊन धरून ठेवली होती.

"मग? काय ठरलं अर्चना? शिकलेल्या बाईनं असं लोकाच्या दारात उभं राहनं शोभते का?"

सुनील पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मी उत्तर पाठ करून आले नव्हते. जे तोंडात आलं ते बोलले.

"दादासाहेब, शाळेत बसले तरी दार आहेच. फक्त मी आतल्या बाजूला असेन, आणि बाहेर कागद घेऊन कोणी उभा राहिला की त्याला 'उद्या या' म्हणेन. मला ते जमणार नाही. मला बाहेरच्या बाजूची सवय झाली. ती जागा दुसऱ्या कोणाला द्या."

 दादासाहेबांनी हातातलं आपट्याचं पान उलटं करून पाहिलं, जसं काही मागच्या बाजूला काही लिहिलेलं असावं. सुनील पाणी प्यायले आणि त्याच पेल्यातून पुन्हा प्यायले, तो रिकामा होता. मी बोलून तर गेले होते. आता घरी जाऊन वनिताला काय सांगायचं, मशीनचं काय करायचं, एका जिन्यावर किती दिवस काढायचे, सगळं एकदम डोक्यात आलं.

तेवढ्यात आतून जाऊबाईंचा आवाज आला. "अर्चना, उलशीक इकडे ये न."

मला वाटलं, आता आत नेऊन समजावणार. जाऊबाई म्हणजे मोठ्या घरच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या घरी जेवायला बसलो तर ताटसुद्धा कपड्यानं दोनदा पुसून येतं. मी स्वयंपाकघरात गेले. त्यांनी माझ्या मागं दार लोटलं, कडी घातली, दाराला कान लावून बाहेर कोणी नाही याची खात्री केली. मग फ्रिज दोन्ही हातांनी धरून थोडा पुढं ओढला आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं.

"पाह्य," त्या अगदी हळू म्हणाल्या. "लय घाण आहे वो. माळ्यावर तं याच्याहून बेकार. मले चढनं होत नाही आता, आन् कोनाले सांगाची लाज वाटते. तू करून देशील का?"

मी नुसती बघत राहिले. भिंतीकडे नाही, त्यांच्याकडे. अमरावती म्हणू नका, अकोला म्हणू नका, इतक्या दारांत उभी राहिले, टाइल्स घासल्या, स्पर्धा घेतली. पण आपणहून, न विचारता, असं कुणी मला कधी म्हटलं नव्हतं.

"आणि माह्या दोन बहिनी आहेत परतवाड्याले," त्या म्हणाल्या. "त्याहीच्या घरी हेच आहे. त्या तुले सांगनार नाही. मी सांगतो त्याहीले."

दसऱ्याची नवी साडी होती. मी पदर खोचला, सोडा कुठं आहे ते विचारलं आणि गरम पाण्याचं पातेलं चढवलं. जाऊबाईंनी बाह्या वर केल्या.

बाहेरून दादासाहेबांनी हाक मारली, "चहाचं काय झालं?"

"थांबा जी," जाऊबाई दाराआडून म्हणाल्या, "आमी कामात आहो."